सतराव्या झाडातील बाळंतीण

हौजाची टाकळी, ता. नेवासा
रविवार, २० एप्रिल २०२५

प्रिय फक्रुद्दीन,

तुला पत्र लिहिण्याची माझी ही पहिलीच वेळ आहे. सत्तर वर्षांत तशी गरज पडली नाही. पहिलीच्या वर्गात आपण एका पाटावर बसलो आणि त्यानंतर तुझे घर माझ्या घरापासून कधी अडीचशे पावलांच्या पलीकडे गेले नाही. आता तू पुण्यात मुलाच्या, फैयाजच्या घरी, चौथ्या मजल्यावर राहतोस. पत्ता मला शेळ्या राखणाऱ्या लंकाबाईने दिला. तिच्या फोनवर तुझा दर आठवड्याला फोन येतो आणि तू बागेची खबर विचारतोस, हेही तिच्याकडूनच समजले. तिने फोन लावून माझ्या हातात दिला होता; मी तो बंद करून परत केला. बोलताना मी स्वतःच्या सोयीचे बोलत जातो, असा माझा अनुभव आहे. लिहिलेले वाक्य मात्र पुन्हा वाचता येते आणि खोटे वाटले तर फाडता येते. या पत्राची चार पाने मी आधीच फाडली आहेत. तेव्हा हे फैयाजकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा लाव आणि स्वतः वाच.

बातमी वाईट आहे, म्हणून ती प्रथम सांगतो. आपल्या बागेतील त्रेचाळीस झाडांवर लाल रंगाने आकडे पडले आहेत. पाच मे रोजी ठेकेदाराची माणसे करवती घेऊन येणार आहेत. झाडे काढल्यावर बागेत पेव्हर ब्लॉक बसतील, हिरवळ लावली जाईल, हौजाला निळा रंग देऊन त्यात विजेचे कारंजे सोडले जाईल आणि कमानीसमोर लोकांना फोटो काढण्यासाठी एक मोठे बदामाच्या आकाराचे काहीतरी उभे राहील. कमानीवर तसा फलक लागलासुद्धा. त्यात शुद्धलेखनाच्या चुका आहेत; पण त्याविषयी संताप करण्याचा अधिकार मी गमावला आहे, कारण त्या फलकामागचा अर्ज माझ्याच हातचा आहे, हे तू जाणतोस.

तू गेल्यापासून बाग पाहिली नाहीस, म्हणून ती आज कशी आहे ते लिहितो. कमान जशी होती तशीच एका बाजूला कललेली आहे. तिच्या फटीतला पिंपळ हातभर वाढला. निजामशाहीतल्या कोणा सरदाराने आखलेले ते चार चौक आता कोणाला दिसणार नाहीत. गुडघाभर गवत, करवंदीच्या जाळ्या आणि पडलेल्या फांद्या यांतून शेळ्यांनी पाडलेली एकच पायवाट हौजापर्यंत जाते. अष्टकोनी हौजात अर्धेच पाणी आहे. मोठे कासव दुपारी त्या तुटक्या पायरीवर येऊन बसते आणि माझी चाहूल लागताच पाण्यात पडते. तुझ्या चाहुलीने ते पडत नसे. पूर्वी मला याचा राग यायचा.

त्या अर्जाचे आणि त्यातल्या यादीचे आता सांगतो. दोन वर्षांपूर्वी, २०२३ च्या पावसाळ्यात, तुझ्या वहिनीचे, राहीचे, चालणे थांबले तेव्हा मी काय अवस्थेत होतो ते तू पाहिले आहेस. डॉक्टरांनी जे सांगितले त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. ज्यावर उत्तर नसते त्याच्या शेजारी मी एखादे काम उभे करतो. जन्माची सवय आहे. राहीला बागेत बसायला आवडे आणि तिथे चाकांची खुर्ची जात नव्हती, म्हणून मी अर्ज लिहायला बसलो. मागायचे होते एक रस्ता आणि एक बाक. परंतु अर्ज सात वेळा लिहून काढताना तो वाढत गेला. प्रस्तावना आली, ऐतिहासिक महत्त्व आले, ‘दुरवस्था’ आली आणि शेवटी परिशिष्ट आले. त्या परिशिष्टासाठी मी टेप घेऊन तीन दिवस बागेत फिरलो. छातीच्या उंचीवर प्रत्येक खोडाचा घेर मोजला. झाडांचे तीन वर्ग केले: पोकळ असलेली ती ‘धोकादायक’, फळ न देणारी ती ‘निरुपयोगी’ आणि ज्यांवर वटवाघळे लटकतात ती ‘अस्वच्छता करणारी’. एकूण त्रेचाळीस. चाळीस वर्षे ज्या झाडांखालून रोज सकाळी तुझ्याबरोबर चाललो, त्यांना मी तीन दिवसांत तीन रकान्यांत बसवले आणि मला समाधान वाटले. सरपंच अजिनाथने, माझ्याच विद्यार्थ्याने, यादी पाहून म्हटले, “गुरुजी, इंजिनियरला तुमी कामच ठेवलं न्हाई राव. नुसतं आकडे टाकायचं राह्यलं.” ते वाक्य मी घरी येऊन राहीला दोनदा ऐकवले.

आता आकडेही पडले आहेत आणि ते माझ्या यादीच्या क्रमानेच पडले आहेत. तोडीची परवानगी त्या यादीवरच मिळाली. वरून कोणी पाहायला आले नाही. एका निवृत्त मुख्याध्यापकाने एवढ्या काळजीने लिहिलेले तपासायचे कशाला?

राही गेल्यानंतर सव्वा वर्ष मी बागेत पाऊल टाकले नव्हते. दोन एप्रिलला गेलो तोही काही पश्चात्तापाने नव्हे. आकडे बरोबर टाकले आहेत की नाहीत, हे तपासायला गेलो. हसू नकोस. हातात यादीची प्रत, खिशात पेन्सिल. एक ते सोळा बिनचूक होते. सतरावे झाड म्हणजे हौजाच्या दक्षिणेची जुनी खिरणी, घेर अकरा फूट दोन इंच, वर्ग धोकादायक. माझ्या यादीत शेरा होता, ‘खोडात मोठी ढोली’. पाहतो तो ढोली जवळजवळ बुजलेली. कोणीतरी चिखलाने लिंपून टाकल्यासारखी, मध्ये केवळ बोटभर उभी फट. माझ्या नोंदीत आणि वस्तुस्थितीत फरक पडल्याचे मला सहन झाले नाही. खिरणीच्या मुळ्या पायरीसारख्या वर आलेल्या आहेत, त्यांवर चढून मी काठीचे टोक त्या फटीला लावले. तोच मागून लंकाबाई ओरडली. तिच्या शेळ्यासुद्धा दचकल्या.

“ओ मास्तर! काडी नका घालू! आत बाळंतीन हाय!”

मी काठी घेऊन तसाच उभा. ती धावत आली आणि माझ्या हातातून काठी काढून घेतली. आयुष्यात माझ्या हातातून कोणी काठी काढून घेतली नव्हती. म्हणाली, “शाळा शिकवली तुमी आमाला, आन् एवढं कळंना व्हय? धनेशाची मादी हाय ती. सोताला कोंडून घेतीया. पिल्लं हुईस्तवर भाएर येत न्हाई. त्यो भाएरून खायाला घालतो. फकरूभाई सांगून गेल्यात, लंके, हितं कुनाला हात लावू देऊ नगं. तुमालाबी न्हाई.”

“मलाही नाही, असे म्हणाला?” मी विचारले.

“तुमचंच नाव पहिलं घेतलं,” ती म्हणाली.

मग आम्ही दोघे हौजाच्या काठावर बसलो. पंचवीस मिनिटांनी तो नर आला. राखाडी, लांब शेपटीचा, ती शिंग बसवलेली वाकडी चोच. फटीपाशी खोडाला चिकटून बसला आणि घशातून वडाचे एकेक लाल फळ काढून चोचीच्या टोकावर धरू लागला. आतून दुसऱ्या चोचीचे टोक येई, फळ घेई, नाहीसे होई. मी मोजली, चौदा फळे. पंधरावे खाली पडले, तर तो खाली उतरून ते घेऊन पुन्हा वर गेला. फक्रुद्दीन, शेवटच्या दोन महिन्यांत राहीला मी चमच्याने भरवत होतो. याहून अधिक त्याविषयी लिहीत नाही.

त्या दिवसापासून मी रोज जातो. सहा वाजता, पूर्वीसारखा. नर दिवसातून किती वेळा येतो, काय आणतो, हे वहीत लिहून ठेवतो. सकाळी साधारण अर्ध्या तासाने एकदा, दुपारी विलंबाने. लंकाबाईच्या मते पिल्ले जूनच्या सुरुवातीला बाहेर पडतील. करवत पाच मे रोजी येणार आहे. सतरावे झाड पडले तर आतली मादी उडून जाऊ शकणार नाही, कारण तिने स्वतःला कोंडून घेतलेले आहे आणि त्या काळात तिच्या पंखांची पिसेही झडलेली असतात, हे मला आता ठाऊक झाले आहे. त्या ढोलीवर ‘धोकादायक’ हा शब्द मी लिहिला. कोणाला धोकादायक, हे लिहायचे राहिले.

मी दुसरी यादी करू लागलो. झाडे तीच, क्रम तोच. रकाना एकच, ‘राहणारे’. चौथ्या चिंचेत पिंगळ्याची जोडी, दुपारीसुद्धा दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे माना वाकड्या करून पाहतात. नवव्या वडाच्या बुंध्यात घोरपड. एकतिसाव्या आंब्यात पोपट, आणि तेही भाडेकरू, कारण भोक तांबट पक्ष्याने पाडलेले. बावीस ते तीस या चिंचांवर वटवाघळे. त्यांची मोजदाद मी चार वेळा केली आणि चारही वेळा उत्तर निराळे आले. असे करत एकोणीस झाडे भरली. चोवीस कोरी आहेत. ती कोरी आहेत याचा अर्थ त्यांत कोणी राहत नाही असा नव्हे. मला ठाऊक नाही असा आहे. तुला ठाऊक आहे. चाळीस वर्षे तू चालताना सांगत होतास, “ह्यात उदमांजर हाय मास्तर, ह्यात आग्यामोहळ बसतं, ह्या कवठात गेल्या साली घुबडाची चार पिल्लं हुती,” आणि मी तुला मध्येच थांबवून वर्तमानपत्रातला अग्रलेख सांगत होतो. मी ऐकत होतो अशी तुझी समजूत असेल, तर ती चुकीची होती.

हौजाचे पाणी अर्ध्यावर आले त्याचे कारणही तुझे नसणे आहे. टेकडीवरच्या विहिरीतून येणारे ते जुने खापरी नळ, त्यांवरचे ते दगडी उच्छ्वास, ज्यांतून नळातली हवा बाहेर पडते, यांची निगा तुझ्या घराण्याने कधीपासून राखली हे कोणाला सांगता येत नाही. गावाच्या पाणीयोजनेवर मोटार चालवण्याची नोकरी तू पोटासाठी केलीस. हे काम तुला कोणी दिले नव्हते. दर चैत्रात तू एकेका उच्छ्वासाला कान लावून नळात माती कुठे साचली ते ओळखत असायचास. या चैत्रात मी प्रयत्न केला. गुडघे टेकून पहिल्या उच्छ्वासाला कान लावला. लंकाबाई म्हणाली, “काय म्हनतंय पानी?” मी म्हटले, काही ऐकू येत नाही. ती म्हणाली, “त्ये बी खरंच. एवढी वर्सं तुमी बोलत हुता, त्ये ऐकत हुतं. आता सवय न्हाई राह्यली त्याला बोलायची.” या बाईला मी चौथीत दोनदा नापास केले होते. त्याचा वचपा ती व्याजासह काढते आहे.

मागच्या रविवारी नगरहून एक बाई दहा-बारा विद्यार्थी घेऊन बाग पाहायला आल्या. नाव स्नेहल. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतात. बाग हिंडवून दाखवायला कोणी नव्हते म्हणून मी पुढे झालो. कमानीत उभे राहून मी त्यांना सरदार, चौक आणि कारंजे यांविषयी सांगू लागलो, तर त्या मुलांची तोंडे केव्हाच वर गेलेली होती. हळद्या ओरडत होता. एका मुलाने मोबाईलवर त्याच पक्ष्याचा आवाज लावून त्याला फसवायचा प्रयत्न केला. मी तो बंद करायला लावला. शिक्षकाचा आवाज अजून चालतो. सतराव्या झाडापाशी मी त्यांना वीस हात दूर बसवले आणि कोणी खोकायचे नाही असे बजावले. नर आला, भरवून गेला, आणि ती बारा मुले, जी घरी दोन मिनिटे गप्प बसत नसतील, पाऊण तास गवतात बसून राहिली. वटवाघळांच्या चिंचांखाली मी ‘घाण’ हा शब्द उच्चारताच स्नेहलबाई हसल्या. म्हणाल्या, “सर, ही मंडळी रात्री कोस-कोस लांब जाऊन फळं खातात आणि बिया टाकत परत येतात. तुमच्या शिवारातली बांधावरची किती झाडं यांनी लावली, ते विचारा.” मी विचारणार कोणाला? मी त्यांना ‘अस्वच्छता करणारी’ ठरवून मोकळा झालो होतो.

माझी दुसरी यादी त्यांनी वाचली. पहिलीही वाचली. दोन्हींचे अक्षर एकच आहे हे त्यांच्या लक्षात आले. एवढेच म्हणाल्या की, ग्रामसभेपुढे ठेवायची तर दुसरी यादी पूर्ण हवी. अर्धी कोरी यादी म्हणजे विरोधकांच्या हातात दिलेले उत्तर. निघताना एका मुलीने विचारले, “आजोबा, ही बाग सांभाळतं कोण?” मी तुझे नाव सांगितले. ती म्हणाली, “ते कुठं आहेत?” मी म्हटले, बाहेरगावी गेले आहेत. ते खोटे नव्हते. पुरेसेही नव्हते.

सोमवारी अजिनाथकडे गेलो आणि अर्जावरची माझी सही मागे घेतो असे सांगितले. त्याने आधी चहा मागवला, मग माझी प्रकृती विचारली, मग मुलगी अश्विनी बेंगळुरूहून कधी येणार ते विचारले. म्हातारा बिघडला आहे का, याची ती चाचणी होती. शेवटी म्हणाला, “गुरुजी, आता काय करू मी? ठेकेदार नेमला, फलक लागला. पोरं वाट बघत्यात बागेची. बाया म्हनत्यात, बसायला जागा हुईल. आन् फांदी पडून कुनाचं डोकं फुटलं, तर लोक तुमाला धरनारेत का मला?” त्याचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नाही, म्हणून मी तोडगा लिहून नेला होता. जुन्या पाटाच्या कडेने मुरमाचा रस्ता करावा. त्यासाठी एकही झाड पडत नाही, मी मोजले आहे. त्या रस्त्यावर येणाऱ्या फांद्यांना खालून टेकू द्यावेत. बाक चार ठेवावेत, सगळे सावलीत. हौजाला रंग देऊ नये. त्याने वाचले, घडी घातली आणि म्हणाला, “गुरुजी, चौथीत तुमीच सांगितलं हुतं, चुकलं तर गिरगटायचं न्हाई, एक सरळ रेघ मारायची, म्हंजे काय चुकलं हुतं त्ये बी दिसतं. ठराव तुमच्या भाषनावर झालाय, तुमच्या अर्जावर न्हाई. एक मेच्या ग्रामसभेत या. सगळ्यांपुढं रेघ मारा. मग बघू.”

मी त्याला होय म्हटले आणि उठलो. बाहेर आल्यावर समजले की तो किती बरोबर बोलला होता आणि ते त्याला स्वतःला ठाऊक नव्हते. कारण त्या भाषणात काय खोटे होते, हे गावात दोनच माणसांना माहीत आहे. एक मी, आणि दुसरा गाव सोडून गेला.

तेव्हा आता तेही लिहितो. त्या वर्षी श्रावणात आपण दोघांनी राहीला शेवटचे बागेत नेले. स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची, पुढचे पाय तू धरलेस, मागची पाठ मी. वाटेत दोनदा थांबलो. तू म्हणालास, “वहिनी, तुमी जड न्हाईत, मास्तर म्हातारं झाल्यात,” आणि ती किती दिवसांनी हसली. खिरणीखाली तिला बसवले. पाऊस नुकताच थांबलेला होता. मी म्हटले, तुझ्यासाठी इथे चांगला रस्ता करवून घेतो, सगळे स्वच्छ करवून घेतो. त्यावर ती म्हणाली, “काही करू नका हो. असंच राहू द्या. मला इथवर आणलंत, झालं.” हे तू ऐकलेस. मीही ऐकले. आणि दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, शाळेच्या पटांगणात, साठ-सत्तर माणसांपुढे मी उभा राहून म्हणालो की, बागेचे सुशोभीकरण व्हावे, ही माझ्या आजारी पत्नीची इच्छा आहे. स्त्रियांनी डोळ्यांना पदर लावले. ठराव जवळजवळ एकमताने झाला. एकाच माणसाने सही करायला नकार दिला.

तू पहिल्या रांगेत होतास. उठून एक वाक्य बोलायचे होते तुला, ‘वहिनी असं म्हनल्या न्हवत्या.’ माझा अर्ज तिथेच संपला असता आणि मीही. तू ते बोलला नाहीस. फक्त म्हणालास, “मास्तर, पोकळ झाड म्हंजे भरलेलं घर असतंय. माझी सही न्हाई.” तू माझी लाज राखलीस आणि त्याच क्षणी मी तुझी काढली. मी काय म्हणालो, ते आजवर मनातल्या मनातसुद्धा पूर्ण उच्चारले नाही, इथे लिहितो. मी म्हणालो, “ही बाग तुझ्या बापाची नाही. पाणी सोडणाऱ्याने पाणी सोडावे, मालकी सांगू नये.” ज्याच्या बापाने, आज्याने आणि त्याच्याही आज्याने त्या बागेला पाणी पाजले, त्याला मी हे सर्वांसमोर सांगितले. कोणी हसले. तू टोपी सारखी केलीस आणि निघून गेलास. महिन्याभरात घराला कुलूप लागले. डिसेंबरात राही गेली, तेव्हा तू पुण्याहून आलास आणि नदीकाठी लिंबाखाली, लोकांच्या मागे उभा राहिलास. तुला वाटत असेल मी पाहिले नाही. मी पाहिले, आणि मान वळवली. शोकात माणसाला सर्व माफ असते, असा आधार मी सव्वा वर्ष घेतला. तो आता पुरत नाही.

तर पत्राचे कारण असे. एक मे रोजी, गुरुवारी, सकाळी दहाला शाळेच्या पटांगणात ग्रामसभा आहे. मी बोलणार आहे. तू आलास तरी, न आलास तरी. ठराव फिरला नाही, तर पाच मेच्या सकाळी खुर्ची घेऊन सतराव्या झाडाला टेकून बसेन आणि मला उचलल्याशिवाय करवत लागणार नाही. वय वर्षे सत्त्याहत्तर, उचलणाऱ्याला ते अवघड जाईल. चोवीस झाडांचे राहणारे मला सांगणारा तूच आहेस, आणि त्यासाठी तू ये, असे लिहिले असते तर ते खरे झाले असते. पण मी तुला साक्षीदार म्हणून बोलावत नाही. राही काय म्हणाली होती आणि तुला मी काय म्हणालो, ही दोन्ही वाक्ये मी त्याच पटांगणात, त्याच माणसांपुढे, जशीच्या तशी सांगून मागे घेणार आहे. अर्ज दहा लोकांपुढे मागे घेता येतो. तुला बोललेले तुझ्या पाठीमागे मागे घेता येत नाही. म्हणून पहिल्या रांगेत तुझ्या जागेवर येऊन बस. मी स्वतःला चांगले ओळखतो. बोलता बोलता मी कुठेतरी स्वतःला सोडवून घेऊ लागेन, एखादा शब्द मऊ करीन, आजारपणाचे निमित्त पुढे करीन. तसे करताना दिसलो, की या वेळी माझी लाज राखू नकोस. सर्वांसमोर उभा राहा आणि म्हण, “मास्तर, पुन्हा सांगा.”

तुझाच म्हणवून घेण्याचा अधिकार एक मेपर्यंत उसना घेऊन,
तुझाच,
सहादेव